जुन्या गाडीचा पेट्रोल पाइप गळत असेल तर
कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० सारख्या गाडीत पेट्रोलचा वास आला, की आधी रबरी पाइप वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या तर तुकडा पूर्ण बदला. टेप गुंडाळून भागवू नका, कारण खाली गरम इंजिन असतं. इंजिन गार झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मगच हात घाला. नव्या पाइपवर ‘एसएई जे३० आर९’ (SAE J30 R9, इंधनाच्या पाइपचं मानक) छापलेलं पाहून घ्या. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढे जुनं साधं रबर टिकत नाही. पारदर्शक प्लास्टिकची नळी तर नकोच, ती उष्णतेने कडक होऊन तडकते. पाइप आवळायची क्लिप बाहेर वळवलेल्या कडांची घ्या, नाहीतर रबर कापलं जातं. इंजिन थोडं चालवून बंद करा आणि प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसा. फडकं ओलं झालं, तर गाडी रस्त्यावर काढू नका.