पावसाळ्यात बोन्सायसाठी झाड काढताना: सोलापूर भागासाठी सल्ला

बांधावरचं खुरटलेलं बोर, विहिरीच्या कठड्यातून आडवा वाढलेला पिंपळ, मोडायला काढलेल्या बागेतलं जुनं डाळिंब. यातलं काही तुमच्याकडे असेल आणि ते तोडून पेटवायचं ठरलं असेल, तर या पावसाळ्यात थोडं थांबा. त्याचं बोन्साय, म्हणजे कुंडीत बुटकं ठेवलेलं पण जुनं दिसणारं झाड, करता येतं. नर्सरीतल्या रोपाला असं खोड यायला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि इथं ते आयतं उभं असतं.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला 550 मिमीच्या आसपास पाऊस, तोही लहरी. जमीन कुठे काळी, कुठे हातभर खाली मुरूम. अशा मुरमाड माळाच्या कडेला उगवलेलं बोर किंवा हिवर उंच जातच नाही. वरून शेळ्या दर वर्षी शेंडा खुडतात, मग बुंधा जाड होत जातो, फांद्या वळणं घेतात, साल भेगाळते. बोन्साय करणारा माणूस कात्री-तारेनं जे साधायला बघतो, ते निम्मं काम इथं हवा आणि शेळ्यांनी करून ठेवलेलं असतं.

पण म्हणून कुदळ घेऊन माळावर निघू नका. हे मी आग्रहानं सांगतो. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातली किंवा वन विभागाच्या जमिनीवरची एक काडीही हलवायची नाही, तो गुन्हा आहे. गायरानावरची, रस्त्याकडेची झाडंही आपली नव्हेत. चंदन, चिंच, आंबा, जांभूळ ही झाडं स्वतःच्या शेतात असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, त्यांना परवानगीशिवाय हात लावू नये. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याला आधी विचारा. बांधावरून आधीच भांडणं कमी नाहीत. जपानमध्ये शिकोकू बेटावरच्या कड्यांवरून शिंपाकु जुनिपर ही सूचिपर्णी झाडं बोन्सायसाठी इतकी काढली गेली की तिथली जुनी झाडं दुर्मीळ झाली. आपल्या माळावर मुळातच झाडं मोजकी. तेव्हा नियम सोपा ठेवा: जे झाड नाही तरी जाणारच आहे, तेवढंच काढायचं.

वेळ कोणती? वड, पिंपळ, उंबर, नांदरुक ही चिकाची झाडं आर्द्रा ते पुष्य, म्हणजे जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैअखेर काढावीत. पेरणीला जसे आपण 75 ते 100 मिमी पावसासाठी थांबतो, तसंच इथंही थांबा. मृगाच्या पहिल्या सरीवर भुलून झाड उपटलं आणि पुढे पावसानं खंड दिला, की कोरड्या वाऱ्यात झाड आठवड्यात सुकतं. बोर, हिवर, बाभूळ यांची सोटमुळं खोल जातात. त्यांना एका पावसात काढू नये.

पहिल्यांदाच करत असाल तर विहिरीच्या किंवा पडक्या वाड्याच्या भिंतीतल्या झाडापासून सुरुवात करा. भिंतीत बहुधा वड-पिंपळच उगवतात, ही जात चिवट असते आणि ते झाड तसंही काढावंच लागतं, कारण मुळं बांधकाम फोडतात. वड, पिंपळ, उंबर तोडायला घरातली वडीलधारी मंडळी तयार नसतात. ते झाड तोडायचं नसून कुंडीत लावायचं आहे म्हटल्यावर त्यांचीही ना नसते.

भिंतीतलं झाड कधी ओढू नका. मुळं दगडांच्या सांध्यात शिरून चपटी झालेली असतात आणि ती चपटी मुळंच पुढे त्या झाडाची शोभा असतात. आधी पानं आणि कोवळ्या फांद्या छाटून वजन कमी करा. मग छन्नी-हातोडीनं सांध्यातला चुना हळूहळू मोकळा करत मुळामागं जा. एखादा दगड पहारीनं निघत असेल तर दगड काढा, मूळ तोडू नका. वीतभर लांबीची तीन-चार मुळं आणि त्यांना थोडी तंतुमुळं मिळाली तरी पुरतं. काप धारदार आरीनं, सरळ घ्या; चेचलेलं टोक कुजतं. चीक वाहू लागला तर पाण्यानं धुवा, थांबला की काप पुसून खोडाच्या मोठ्या कापांना बोर्डो पेस्ट हा बुरशीनाशक लेप लावा (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी). मुळं तिथल्या तिथं ओल्या बारदानात गुंडाळा. घरी पोचेपर्यंत ऊन-वारा लागला तर सगळी मेहनत वाया जाते. विहिरीच्या कठड्यावर काम करताना कमरेला दोर बांधा आणि वर एक माणूस उभा ठेवा.

बोराचं काम दोन पावसाळ्यांचं आहे. बुंधा तीन इंच जाड असेल तर त्यापासून नऊ-दहा इंचांवर गोल आखा आणि त्याचे चार भाग करा. यंदा समोरासमोरचे दोनच भाग फूटभर खोल खोदा, आडवी येणारी मुळं स्वच्छ कापा आणि चर बारीक मुरूम व कुजलेल्या शेणखतानं भरा. पावसाच्या ओलीवर कापलेल्या टोकांना नवी तंतुमुळं फुटतात. या वर्षी वरची छाटणी फार करू नका, पानंच मुळांना पोसतात. पुढच्या वर्षी उरलेले दोन भाग असेच करा, कडेनं खाली जाऊन सोटमूळही अर्धं कापा. झाड उचलायचं तिसऱ्या वर्षी. बोर उन्हाळ्यात पानं टाकून विश्रांती घेतं. मेअखेरीस फांद्यांवरचे डोळे (नव्या फुटीचे अंकुर) फुगू लागले की उचलायची वेळ झाली, आणि तेव्हाच फांद्या आखूड करायच्या. उमराण किंवा कडाका या कलमी बोरांच्या जुन्या बागेतलं झाड असेल तर खोड कलमाच्या खाली कापा. खालून रानबोर फुटतं. त्याची पानं लहान, फळं लहान, आणि छोट्या झाडाला ती शोभतात.

डाळिंबाबाबत सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागातल्या शेतकऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. बाग जुनी झाली म्हणून मोडत असाल तर बुंध्याशी गाठाळलेली, पिळदार खोडं बोन्सायला उत्तम आहेत. मर रोगानं गेलेल्या बागेतलं मात्र एकही झाड घेऊ नका. खोडाचा आडवा काप बघा: लाकडात काळपट-तपकिरी डाग किंवा पट्टे दिसले तर मर आहे, ते झाड मुळासकट जाळा आणि आरी निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका. खोडावर टाचणीएवढी भोकं आणि भुसा दिसला तर खोडकिडा आहे, तेही नको. तेल्या रोगाचे तेलकट काळे डाग असलेलं झाड चांगल्या बागेजवळ आणून ठेवणं म्हणजे स्वतःहून रोग आणणं.

माती हा सगळ्यात मोठा मुद्दा. कुंडीत काळी माती चालत नाही. ती ओली झाली की फुगते, सुकली की भेगा पडतात, आणि दोन्ही वेळा कोवळी मुळं मरतात. आपल्याकडे मुरूम भरपूर आहे. तो चाळून दोन ते सहा मिलिमीटरचे खडे ठेवा, खालची धूळ टाकून द्या. असा तीन भाग मुरूम, एक भाग विटांचे बारीक तुकडे, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. पाणी ओतलं की लगेच खालून बाहेर आलं पाहिजे.

पहिली दोन वर्षं उथळ बोन्साय कुंडीचा विचारही नको. डाळिंबाचं प्लॅस्टिक क्रेट घ्या, आतून शेडनेटचा तुकडा लावा, त्यात झाड बसवा. बुंधा सुतळीनं क्रेटला घट्ट बांधा. वाऱ्यानं झाड हललं की नुकतीच फुटलेली मुळांची टोकं तुटतात, आणि झाड का गेलं ते कळतही नाही. क्रेट विटांवर ठेवा, जमिनीवर ठेवलं तर वाळवी चढते.

जागा 50 टक्के शेडनेटखाली, वाऱ्याच्या आड. पाणी वरची माती सुकल्यावरच. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर मातीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा करपतात; पत्र्यावरून येणारं पावसाचं पाणी पिंपात धरून तेच वापरा. तीन-चार आठवड्यांत कोंब फुटले की झाड लागलं असं समजू नका. ही फूट खोडात साठलेल्या अन्नावर येते आणि मुळं नसतील तर महिन्याभरात मान टाकते. शंका आली तर नखानं साल किंचित खरवडा. खाली हिरवं असेल तर जीव आहे. झाड उपटून मुळं बघायची नाहीत. नवी पानं पक्की होऊन पुढची फूट येईपर्यंत खत देऊ नका.

पहिलं वर्ष झाडाला मोकळं वाढू द्या, कात्री लांब ठेवा. दुसऱ्या वर्षी फांद्या निवडा. वड-नांदरुकाला ॲल्युमिनियमची तार चालते. तारेची जाडी फांदीच्या एक तृतीयांश, वेढे तिरपे, सुमारे 45 अंशांत. पावसाळ्यात ही झाडं झपाट्यानं जाड होतात, म्हणून दर आठवड्याला बघा. तार सालीत रुतायला लागली की कापून काढा. उलटी सोडवायला गेलात तर फांदी मोडते. बोर, बाभूळ, हिवर यांना माझ्या मते तार लावूच नये. त्यांच्या फांद्या कडक असतात. हव्या त्या दिशेच्या डोळ्यावर छाटायचं, फूट वाढू द्यायची, पुन्हा छाटायचं. वेळ जातो, पण वळण नैसर्गिक दिसतं.

नांदरुकाची पानं मध्यावर दुमडून आत काळे बारीक किडे दिसले तर ते फुलकिडे असतात. ती पानं खुडून जाळा आणि 1 लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल व थोडं साबणपाणी मिसळून संध्याकाळी फवारा.

यंदा लावलेल्या झाडाची खरी परीक्षा पुढच्या एप्रिल-मेमध्ये. पारा 42-43 वर गेला की क्रेटच्या बाजू तापून आतली मुळं भाजतात. क्रेटला बारदान गुंडाळून ते सकाळ-संध्याकाळ भिजवा, वर उसाच्या पाचटाचं दोन बोटं आच्छादन द्या, आणि त्या दोन महिन्यांत छाटणी, तार, माती बदलणं यातलं काहीही करू नका.