लेक्चरच्या नोट्स अर्धवट राहायच्या, त्यावर लागू पडलेला उपाय

सोलापुरात बारावीपर्यंत मराठी माध्यम आणि मग एकदम इंग्रजी लेक्चर, तिथेच नोट्स तुटतात. बोलणं मिनिटाला शंभरावर शब्द, हात जेमतेम तीस. म्हणून वाक्यं उतरवणं बंद.

ए-फोर पानावर डावीकडे अडीच इंच, खाली दोन इंच जागा सोडली. उजवीकडे मुद्दे, सूत्रं, आकृत्या. स्पष्टीकरण मराठीत चालतं, संज्ञा मात्र इंग्रजीतच, कारण पेपरात तीच लागते. शब्द निसटला तर दोन ओळी कोऱ्या सोडायच्या. शेजाऱ्याला विचारत बसलं की पुढचंही जातं! उन्हाळ्यात पंख्यांच्या घरघरीत मागे ऐकूच येत नाही, पुढचेच बाक धरा.

त्याच संध्याकाळी डाव्या पट्टीत प्रश्न, खाली तीन ओळींत सार. मग उजवी बाजू झाकून उत्तरं मोठ्याने म्हणायची. अडलेलं दुसऱ्या दिवशी सरांना विचारायचं.