रेकॉर्ड केलेला सिग्नल वाजवताना गती बिघडते? या चुका टाळा

यवतेश्वरावर लॅपटॉप आणि आरटीएल-एसडीआर डाँगल (यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) नेऊन एफएम बँड रेकॉर्ड केला, साताऱ्यात घरी येऊन फाइल लावली, तर निवेदिकेचा आवाज जड, रेंगाळलेला. अशा वेळी बहुतेक जण आधी अँटेना तपासतात. बघायला हवा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला सिग्नलची किती मापं (सॅम्पल्स) घेतली तो आकडा.

डाँगलने उतरवलेल्या कच्च्या सिग्नलच्या फाइलमध्ये, म्हणजे आयक्यू फाइलमध्ये, नुसते आकडे असतात. सेकंदाला किती सॅम्पल्स घेतली हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं, ते तुम्हीच सांगायचं. रेकॉर्डिंग २.४ एमएसपीएसचं (सेकंदाला २४ लाख सॅम्पल्स) आणि वाजवताना २.०४८ टाकलं, तर तासाचं रेकॉर्डिंग सत्तर मिनिटं चालतं. वर फ्रिक्वेन्सीही आक्रसते: रेकॉर्ड केलेल्या पट्ट्याच्या मध्यापासून ६०० किलोहर्ट्झवरचं स्टेशन ५१२ वर दिसतं. रेट आठवत नसेल तर एखादं स्टिरिओ एफएम स्टेशन डीमॉड्युलेट करा (सिग्नलमधून आवाज वेगळा काढा) आणि त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती जोर आहे तो आलेख, बघा. स्टिरिओ स्टेशन सोबत पाठवतं तो खुणेचा सूर, पायलट टोन, १९ किलोहर्ट्झवर असायलाच हवा. तो १६.२ वर दिसला, तर टाकलेल्या रेटला १९ ने गुणा, १६.२ ने भागा, उत्तर २.४ येतं. यापेक्षा भरवशाची खूण मला माहीत नाही. पुढच्या वेळी मात्र रेट फाइलच्या नावातच लिहा.

फाइल पाव वेळात संपते आणि नुसती खरखर ऐकू येते? मग फॉरमॅट चुकलाय. डाँगलची फाइल ८ बिटांची, एका सॅम्पलला २ बाइट. जीएनयू रेडिओ या सिग्नल हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरचा कॉम्प्लेक्स प्रकार एका सॅम्पलला ८ बाइट खातो. आधी रूपांतर करा.

सगळ्यात जास्त गोंधळ जीएनयू रेडिओतल्या थ्रॉटल ब्लॉकचा. थ्रॉटल सॅम्पल रेट बदलत नाही, आकडे किती वेगाने पुढे सोडायचे एवढंच ठरवतो. फ्लोग्राफमध्ये (ब्लॉक जोडून केलेल्या साखळीत) हार्डवेअर नसेल तर तो हवा, नाहीतर वॉटरफॉल (स्पेक्ट्रमचं सरकतं चित्र) धावत सुटतो आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो. पण शेवटी ऑडिओ सिंक (स्पीकरला आवाज देणारा ब्लॉक) असेल तर गती साउंड कार्डच सांभाळतं. तिथे थ्रॉटलही ठेवला की दोन घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत आणि आवाज तुटायला लागतो. थ्रॉटल काढून टाका.

सावकाश ऐकण्यासाठी सॅम्पल रेट कमी करू नका. फिल्टर, डेव्हिएशन (एफएममध्ये फ्रिक्वेन्सी किती हलते ते), बॉड रेट (डेटाचा वेग) सगळंच चुकतं आणि सिग्नलमधला डेटा वाचणारा डीकोडर गप्प बसतो. आधी योग्य रेटने डीमॉड्युलेट करा, मग ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो बदला. नुसतं डीकोड करून फाइलमध्ये उतरवायचं असेल, तर थ्रॉटल न लावता मशीनला पळू द्या. निकाल तोच येतो, वेळ वाचतो.

एवढं करूनही आवाज मध्येच उडी मारत असेल, तर फाइलचा आकार मोजा. २.४ ला १० मिनिटांचे २८८ कोटी बाइट व्हायला हवेत; विंडोज ते २.६८ जीबी दाखवेल. त्याहून बरीच कमी भरली, तर रेकॉर्डिंग करतानाच सॅम्पल्स गळली आहेत. ३.२ वर हा डाँगल बहुधा गाळतोच. गेलेली सॅम्पल्स वाजवताना परत येत नाहीत, २.४ किंवा त्याखाली येऊन पुन्हा रेकॉर्ड करा.