गुळवेल औषध म्हणून घ्यायची असेल तर

करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचा काढा उकळू लागला. वेल कुंपणावर फुकट मिळते, चवीला कडू असते, आणि कडू ते गुणकारी हा आपला जुना विश्वास. त्याच काळात, सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या चार महिन्यांत, मुंबईतल्या डॉक्टरांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. सहाही जण गुळवेल घेत होते. 2021 मध्ये हा अहवाल वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि वाद पेटला. या लोकांनी गुळवेल समजून दुसरीच वेल वापरली असावी, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं. पुढे देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: काही माणसांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटलेली असते, ते त्यांना ठाऊकही नसतं, आणि गुळवेलीने तो दडलेला आजार उफाळून येऊ शकतो.

म्हणजे वेल ओळखायला हवी आणि घेणाऱ्याची प्रकृतीही. गुळवेलीत ताकद आहे म्हणूनच ती मापात आणि माहितीनिशी घ्यावी लागते.

वेल ओळखणं

खऱ्या गुळवेलीचं शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. पान हृदयाच्या आकाराचं, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, लांब देठाचं. खोड मांसल आणि हिरवट. वरची कागदासारखी पातळ साल नखाने सुटते आणि खाली हिरवा गर दिसतो. खोड आडवं कापलं की बैलगाडीच्या चाकासारख्या आऱ्या दिसतात. फांद्यांवरून दोऱ्यासारखी बारीक हवाई मुळं खाली लोंबतात. फळं वाटाण्याएवढी, गोल, पिकल्यावर लाल.

घोटाळा होतो तो टिनोस्पोरा क्रिस्पा या भावंडाशी. तिचं खोड राखाडी असतं, त्यावर चामखिळींसारखे ठळक उंचवटे असतात, खोड कापल्यावर दुधासारखा चीक येतो आणि फळ लांबट, नारिंगी असतं. चीक आला किंवा खोड खडबडीत गाठींनी भरलेलं असलं, तर ती वेल काढ्यात घालू नका. पानाची खालची बाजू लवदार, केसाळ असेल तर ती तिसरी जात, टिनोस्पोरा सायनेन्सिस. बाजारात तीही गुळवेल म्हणून येते.

कडुनिंबावर चढलेली गुळवेल वैद्य श्रेष्ठ मानतात. पण कडुनिंबावर कुठलीही वेल चढू शकते, तेव्हा झाडावरून वेलीची ओळख पटत नाही. हमरस्त्याच्या, गटाराच्या किंवा कारखान्याच्या कडेची वेल घेऊ नये. वाळलेले तुकडे किंवा तयार पावडर पाहून कुणालाच खात्रीने ओळख पटवता येत नाही. त्यामुळे सुट्टी, बिनलेबलची गुळवेल पावडर घेणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

काढा: किती आणि कसा

आयुर्वेदिक औषधकोशात गुळवेलीची मात्रा दिली आहे: चूर्ण 3 ते 6 ग्रॅम, काढ्यासाठी 20 ते 30 ग्रॅम. ही प्रौढांची मात्रा. मुलांना अंदाजाने अर्धी-पाव करून देऊ नका, वैद्यांना विचारा.

ओली वनस्पती वापरायची तर ती कोरडीच्या दुप्पट घ्यावी, असा आयुर्वेदातला सर्वसाधारण नियम. गुळवेल त्याला अपवाद आहे. ती नेहमी ओलीच वापरावी आणि दुप्पट करू नये, असं शार्ङ्गधर संहितेत स्पष्ट सांगितलंय. ‘ताजी आहे, जास्त घाला’ हे म्हणूनच चूक.

अंगठ्याएवढ्या जाडीचं 10–12 सेंटीमीटर लांबीचं खोड साधारण 20 ग्रॅम भरतं, पण स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकदा मोजून घ्या. खोड स्वच्छ धुवा, कागदी साल खरवडून काढा, बोटभर तुकडे करा आणि खलबत्त्यात ठेचा. मिक्सरमधून बारीक वाटू नका. गुळवेलीत पिष्ट भरपूर असतं (गुळवेल सत्त्व म्हणजे तेच पांढरं पिष्ट). बारीक वाटलेली वेल उकळली की त्याची खळ होते, ती बुडाला लागते आणि पाणी किती आटलं ते कळत नाही.

आता पाणी. वनस्पतीच्या सोळापट घ्यायचं आणि एक-अष्टमांश उरेपर्यंत आटवायचं, म्हणजे 20 ग्रॅमला 320 मिलिलिटर पाणी आणि शेवटी 40 मिलिलिटर काढा. 40 मिलिलिटर डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यासाठी आधी रिकाम्या पातेल्यात 40 मिलिलिटर पाणी घाला, त्यात लाकडी काडी उभी धरा आणि ओल जिथवर आली तिथे खूण करा. मग उरलेलं 280 मिलिलिटर पाणी आणि ठेचलेली वेल घाला. पातेलं स्टीलचं असावं, ॲल्युमिनियमचं नको. झाकण न ठेवता मंद आचेवर उकळा. वेलीमुळे पातळी थोडी वर दिसते, म्हणून काडी बुडवण्याआधी चोथा बाजूला सारा. पाणी खुणेवर आलं की गाळून कोमट असताना घ्या.

उरलेला काढा दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. त्यात साखर आणि पिष्ट उतरलेलं असतं, उकाड्यात तो काही तासांतच आंबतो. आठवड्याचा काढा एकदम करून फ्रीजमध्ये ठेवणं हीदेखील नुसती सोय आहे, कृती म्हणून ती चूकच.

आणखी एक चूक फार सरसकट होते. सकाळी काढा, दुपारी गुळवेल ज्यूस, रात्री घनवटी, आणि तोंडाला चव म्हणून सत्त्व मधातून. नावं चार, वेल एकच. घनवटी म्हणजे काढा आटवून घट्ट केलेला अर्क, त्यामुळे गोळी छोटी दिसली तरी तिच्यामागे बरीच वेल असते. चारांपैकी एकच प्रकार निवडा, किती दिवस घ्यायचा ते वैद्यांकडून आधीच ठरवून घ्या आणि सुरू केल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. प्रतिकारशक्तीच्या नावाखाली महिनोन्महिने घेत राहू नका.

विकतचं घेताना पाकिटावर काय पाहाल

भारतात आयुर्वेदिक औषध 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतं. बनवणाऱ्याला राज्याचा परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून, म्हणजे एफडीएकडून, मिळतो. विकणाऱ्याला मात्र आयुर्वेदिक औषधासाठी वेगळा परवाना लागत नाही. म्हणून ते किराणा दुकानातही मिळतं, आणि म्हणून पाकीट वाचण्याची जबाबदारी बरीचशी तुमच्यावर येते.

पाकिटावर ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत संपण्याची तारीख, कंपनीचा पूर्ण पत्ता आणि घटकांची यादी प्रमाणासह असायला हवी. चूर्ण असेल तर मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांची. परवाना क्रमांकाऐवजी फक्त एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी क्रमांक दिसला, तर कायद्याच्या दृष्टीने ते अन्न आहे, औषध नाही. बाजारातले बरेच ‘ज्यूस’ याच वर्गातले. त्यांना रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही.

आयुर्वेदिक औषधांतही दोन वर्ग आहेत, आणि हा फरक फार थोड्या ग्राहकांना माहीत असतो. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात पन्नासहून अधिक ग्रंथांची यादी आहे. त्यातल्या पाठानुसार, त्याच नावाने केलेलं औषध ते शास्त्रोक्त; त्याच्या पाकिटावर ग्रंथाचा संदर्भ असतो. ग्रंथातलेच घटक घेऊन कंपनीने स्वतः जुळणी केली, तर ते प्रोप्रायटरी किंवा पेटंट औषध. शास्त्रोक्त औषधाला परवाना मिळताना नव्याने रुग्णांवर चाचणी करून दाखवावी लागत नाही, परंपरा हाच पुरावा धरला जातो. ॲलोपॅथीच्या नव्या औषधाला मात्र 2019 च्या नियमांनुसार आधी प्राण्यांवरच्या किंवा त्यांना पर्यायी प्रयोगशाळेतल्या चाचण्या आणि मग माणसांवरचे टप्पे पार करावे लागतात. त्यामुळे ‘सरकारमान्य’ या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे सारखा नाही.

वनस्पतीची कसून चाचणी केली की काय होतं, त्याचं आपल्याकडचं ठसठशीत उदाहरण सर्पगंधेचं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधा वापरून त्याची निरीक्षणं 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. 1952 मध्ये त्या मुळीतून रेसर्पिन हे शुद्ध द्रव्य वेगळं झालं. मग मात्रा मिलिग्रॅमच्या अंशात मोजता आली, आणि त्यासोबतच नैराश्य येण्याचा धोकाही नोंदला गेला. गुण आणि दोष एकाच मुळीत होते, मोजायला लागल्यावर दोन्ही दिसले.

पाकिटावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सावधगिरीची सूचना असेल, तर त्यात बचनाग, कुचला, बिब्बा, धोतरा, पारा, हिंगुळ यांसारखं विषारी म्हणून नोंदलेलं काहीतरी आहे. ते औषध स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही. आणि मधुमेह, कर्करोग, अपस्मार बरा करण्याची हमी जाहिरातीत असेल, तर ती जाहिरातच 1954 च्या कायद्याने बेकायदा आहे. असं औषध घेऊ नका.

कुणी घेऊ नये, कशासोबत घेऊ नये

यकृताचा आजार असलेले, थायरॉइडचा ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा) आजार, ल्युपस किंवा आमवात असलेले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांनी गुळवेल आपल्या मनाने घेऊ नये. मूत्रपिंड किंवा यकृत बसवलेल्या रुग्णांनी तर अजिबात नाही. त्यांची औषधं प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात आणि गुळवेल ती चेतवते.

क्षयाच्या औषधांसोबत गुळवेल टाळा. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही मुळातच यकृताला जड. कावीळ झाली तर दोष कुणाचा हे ठरवता येत नाही आणि क्षयाचा उपचार थांबवावा लागतो. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनाही हेच लागू.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर गुळवेलीने साखर आणखी खाली येऊ शकते. घाम, थरथर, एकदम भूक लागणं ही लक्षणं दिसली तर लगेच साखर तपासा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर साधारण दोन आठवडे आधी बंद करा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तसं सांगा.

‘काढा’ म्हणून आपण जे घेतो त्यात गुळवेल एकटी क्वचितच असते. मिरी-पिंपळीतलं पिपेरीन फेनिटॉइनसारख्या फिटच्या औषधाची रक्तातली पातळी वाढवतं. ज्येष्ठमध रोज घेतला तर पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. लघवी होण्याची गोळी घेणाऱ्याला हे धोक्याचं. अमृतारिष्टासारख्या अरिष्टात किण्वनातून तयार झालेला अल्कोहोल असतो, 12 टक्क्यांपर्यंत. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल चालू असताना ते घेतलं तर मळमळ, उलट्या, छातीत धडधड होऊ शकते.

झटपट गुण आला तर

सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी कागदाच्या पुडीत मिळणारं बिननावाचं औषध घेतल्यावर दोनच दिवसांत दुखणं पळालं, भूक वाढली, महिन्याभरात चेहरा गोल झाला, साखर चढली: हे स्टेरॉइड मिसळल्याचं लक्षण आहे. वनस्पती अशी वागत नाही. पण ती पुडी एका दिवसात बंदही करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, आणि अचानक तोडल्यावर रक्तदाब एकदम पडू शकतो. पुडी घेऊन फिजिशियनकडे जा, ते मात्रा हळूहळू उतरवतील.

त्रास झाला तर

चहासारखी गडद लघवी, पांढुरके शौच, अंगाला खाज, अन्नावरची वासना उडणं, डोळे पिवळे: यातलं एकही दिसलं तर गुळवेल त्याच दिवशी बंद. यकृताची चाचणी (एसजीपीटी, बिलिरुबिन) करून घ्या. डॉक्टर विचारतील तेव्हा काढा, चूर्ण, ज्यूस सगळं सांगा. ‘आयुर्वेदिक सांगायची गरज नाही’ म्हणून ते राहून जातं आणि निदान आठवडे लांबतं. कावीळ आहे म्हणून त्यावर आणखी एक झाडपाला सुरू करू नका.

राहिलेलं औषध आणि पाकीट फेकू नका. वेल घरची असेल तर तिची पानं आणि खोडाचा तुकडा जपा, ओळख पटवायला तेच लागतं. बॅच नंबर, रोजची मात्रा, सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख, सोबत चालू असलेली इतर औषधं एका कागदावर लिहा आणि 1800-180-3024 या टोल-फ्री क्रमांकावर कळवा. हा औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा क्रमांक, तो गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून चालतो. नोंद रुग्णाला किंवा नातेवाइकालाही करता येते. भेसळीचा संशय असेल तर तक्रार जिल्ह्याच्या एफडीए कार्यालयात, शक्य असल्यास न फोडलेल्या पाकिटासह आणि बिलासह.