नाताळची कुलकुलं: मोहन मोजून, आच मंद

गोव्यात नाताळाला शेजारी जाणाऱ्या कोन्सोआदाच्या, म्हणजे गोड फराळाच्या, ताटात नेवऱ्या (करंज्या), दोदोल (नारळाच्या दुधाची गुळाची वडी) यांच्याबरोबर कुलकुलं, म्हणजे मैद्याची वळून तळलेली छोटी गोड गुंडाळी, हवीतच. हे एकट्याचं काम नव्हे. अर्धा किलो मैद्याची शेकडो कुलकुलं वळायची असतात, तेव्हा नाताळच्या आठवडाभर आधी एक दुपार ठरवून चार-पाच जणांना बसवा.

अर्धा किलो मैदा, दोन मोठे चमचे बारीक रवा, १०० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ. दोन मोठे चमचे तूप कडकडीत तापवून घाला, पिठाला चोळा. मूठ वळली की मोहन बरोबर. जास्त झालं तर कुलकुलं तेलात विरतात. नारळाचं दाट दूध साधारण २०० मिली लागतं, पण थोडं थोडं घालत पुरीसारखं घट्ट मळा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा.

काबुली चण्याएवढी गोळी तेल लावलेल्या काट्याच्या पाठीवर अंगठ्याने पातळ दाबा, कडेपासून गुंडाळा आणि शेवटची कड नीट चिकटवा. ती सुटली की कुलकुल तेलात उलगडतं. पीठ सुकलं तरी हेच होतं, म्हणून वळलेलीही झाकूनच ठेवा.

खरी गोची तळण्यात आहे. तेल फार तापलं तर साखरेमुळे लगेच रंग येतो, आत कच्चं राहतं आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतं. मंद-मध्यम आचेवर हलवत तळा, फिकट सोनेरी असतानाच काढा. तेलातून बाहेर काढल्यावरही रंग थोडा चढतो. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा.