उभ्या मोटरहोमच्या हीटरची धुराची नळी: या चुका टाळा

ठाण्यात हीटरची गरज पडत नाही, आणि त्याच्या बिघाडाचे मूळ नेमके इथेच असते. घोडबंदर रस्त्यालगतच्या शेडमध्ये किंवा ऐरोलीच्या एखाद्या सोसायटीत आठ-नऊ महिने उभ्या राहणाऱ्या मोटरहोममधला, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीतला, डिझेल हीटर त्या काळात कोणी सुरू करून पाहत नाही. मालकाला त्याची आठवण होते ती थेट लडाखच्या वाटेवर, सरचूच्या मुक्कामी, ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर, रात्री पारा शून्याखाली उतरल्यावर. तिथे हीटर धूर ओकून बंद पडला की सारा दोष विरळ हवेला दिला जातो. पण त्या बिघाडाची तयारी पुष्कळदा ठाण्यातल्या शेडमध्येच झालेली असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे नळ्यांची तोंडे उघडी ठेवून गाडी लावणे. हीटरला ज्वलनासाठी हवा ओढणारी एक आणि धूर बाहेर टाकणारी एक अशा दोन नळ्या असतात. लहान हीटरमध्ये त्या साधारण २५ मिलिमीटर रुंद असतात आणि गाडीच्या पोटाखाली उघडतात. स्विचबोर्डाच्या भोकात मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे, आणि तिला याहून सोयीची जागा मिळणार नाही. आमच्या गाडीची नळी बाहेरून टॉर्च मारल्यावर मोकळी वाटत होती. क्लॅम्प सोडवून ती उतरवली, तेव्हा वळणाच्या पलीकडे राखाडी मातीचा घट्ट बूच बसलेला दिसला, आणि तो स्क्रू-ड्रायव्हरने फोडल्यावर मातीच्या भुग्याबरोबर सात-आठ वाळलेले कोळी बाहेर पडले. कुंभारीण आपल्या अळीच्या खाण्यासाठी कोळ्यांना डंख मारून लुळे करते आणि कोठडीत डांबून ठेवते. हा प्रकार किरकोळ समजू नये. फेब्रुवारी १९९६ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातील पुएर्तो प्लाताहून उडालेले बोइंग ७५७ समुद्रात कोसळून १८९ जणांचा मृत्यू झाला. काही आठवडे जमिनीवर उभ्या राहिलेल्या त्या विमानाची वेग मोजणारी नळी अशाच माशीच्या घराने बुजली असावी, असा तपासाचा कयास होता.

यावर लोक दुसऱ्या टोकाला जाऊन नळीच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी चिकटपट्टीने घट्ट बांधतात. खाडीच्या दमट, खारट हवेत ओल आत कोंडते आणि सायलेन्सर आतून गंजतो. त्यापेक्षा बारीक स्टीलची जाळी किंवा मलमलीची दुहेरी घडी बांधावी, तिला लाल फीत लावावी आणि तशीच फीत गाडीच्या किल्लीला अडकवावी, म्हणजे हीटर सुरू करण्याआधी झाकण काढायची आठवण राहील. तीच जाळी कायमची बसवण्याचा मोह मात्र आवरावा, कारण धुराच्या वाटेवरची बारीक जाळी काजळीने बुजते.

काजळीची चूक परतीच्या प्रवासात घडते. उंचावर हवा विरळ असल्यामुळे, उंचीनुसार इंधन कमी करण्याची सोय नसलेल्या हीटरमध्ये डिझेल नीट जळत नाही आणि ज्वलनकक्षात काजळीचे थर साचतात. घरी आल्यावर गाडी तशीच लावू नये. समुद्रसपाटीवर हीटर अर्धा तास पूर्ण क्षमतेने चालवल्यास हलकी काजळी बरीचशी जळून जाते.

पुढे महिन्यातून एकदा वीस मिनिटे हीटर चालवावा, हा सल्ला बहुतेकांना ठाऊक असतो, पण आपल्या उकाड्यात तो पाळतानाच फसगत होते. बाहेर ३२ अंश असताना थर्मोस्टॅट (हवे ते तापमान ठरवण्याचे बटण) २५ वर ठेवला, तर हीटर मंद आचेवर रेंगाळतो किंवा लगेच थांबतो आणि अशा अर्धवट जळण्याने उलट काजळीच वाढते. तापमानाऐवजी थेट क्षमता ठरवण्याची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर थर्मोस्टॅट सर्वांत वर ठेवून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि पहाटेची वेळ निवडावी. त्याआधी गाडीवरची ताडपत्री पूर्ण काढावी, नळीखालचा पालापाचोळा झाडावा आणि गाडी बंद शेडमधून बाहेर घ्यावी. हीटर बंद केल्यावर पंखा काही मिनिटे चालू राहून कक्ष थंड करतो, तेवढ्यात बॅटरीचा मुख्य खटका ओढणे ही घाईत हमखास होणारी चूक आहे.

पावसाळ्यापुरते दोन मुद्दे पुरेत. सायलेन्सरला पाणी गळण्यासाठी बारीक भोक असेल तर ते तारेने मोकळे करावे आणि धुराची नळी तोंडाकडे उतरती राहील अशाच बेताने गाडी उभी करावी. उंदरांनी डिझेलची नळी कुरतडली आहे का, हेही पाहावे.

एवढे करूनही हीटर पेटला नाही, तर बटण पुनःपुन्हा दाबू नये. प्रत्येक अपयशी प्रयत्नात न जळलेले डिझेल कक्षात साचते आणि मग तो पेटला की पांढऱ्या धुराचा लोट निघतो. दोन प्रयत्नांनंतर थांबून आधी दोन्ही नळ्या तपासाव्यात. काळा धूर सतत येत असेल, तर हवा अपुरी पडते आहे असे समजावे. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरची हवा मारून नळी साफ करण्याची सवय आहे. हीटरला जोडलेल्या नळीत हवा मारल्यास माती थेट कक्षात जाते, म्हणून नळी आधी सोडवून घ्यावी आणि परत बसवताना क्लॅम्प ढिला राहू देऊ नये.

सांध्यातून झिरपणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे झोपण्याच्या जागेजवळ त्याचा अलार्म हवाच. वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीत त्याच्या पाठीवर छापलेली मुदत आवर्जून पाहावी. चाचणीचे बटण दाबल्यावर येणारा आवाज बॅटरी आणि भोंगा शाबूत असल्याचे सांगतो, जुना झालेला सेन्सर वायू ओळखेल की नाही हे त्यावरून कळत नाही.