जुन्या गाडीची ऑइल गळती आणि पेट्रोलचा वास: आधी जागा शोधा, मग पाना उचला

दोन्ही तक्रारी एकदम असतील तर ऑइल बाजूला ठेवा, आधी पेट्रोल. ऑइल ठिबकणारी गाडी रोज लेव्हल बघून काही दिवस काढते, पेट्रोल गळणारी गाडी मात्र गॅरेजपर्यंतसुद्धा चालवू नका, मेस्त्रीला घरी बोलवा. बॉनेटखाली तापलेला मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा नळ) आणि ठिणगी दोन्ही हजर असतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गाडी शेडबाहेर मोकळ्या हवेत ढकला, उजेडाला एलईडी टॉर्च घ्या.

वास कधी येतो त्यावर जागा ठरते, म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी दोन दिवस आठवून बघा. टाकी फुल केल्यावरच येतो, चढावर किंवा वळणावर वाढतो आणि टाकी अर्धी झाली की जातो, तर इंजिनाकडे बघूच नका, भरायच्या नळीचा रबर पाइप, टाकीतली हवा सोडणारा ब्रीदर पाइप नाहीतर टाकीवरच्या, पेट्रोल किती ते मोजणाऱ्या गेज युनिटचं पॅकिंग. आपल्याकडे गोव्यात मागच्या चाकावरचा चिखल आणि खारी हवा मिळून भरायची नळी नेमकी क्लिपच्या खाली कुजते, बाहेरून ठीक दिसते, क्लिप सरकवली की कळतं. गरम गाडी बंद केल्यावर दहा मिनिटांनी येतो तर कार्ब्युरेटर बघा, फ्लोटची नीडल (आत पुरेसं पेट्रोल आलं की वाट बंद करणारी सुई) नीट बसत नसेल तर पेट्रोल वर चढतं, मग गरम गाडी सुरू व्हायलाही कुरकुरते. आणि सकाळी थंड इंजिन सुरू केल्या केल्या येतो तर पाइप. हे थंड असतानाच बघायचं, इंजिन तापलं की थेंब पडायच्या आधीच उडून जातो आणि आपण कोरड्या पाइपाकडे बघत बसतो. टॉर्च मारून क्लिपच्या शेजारी मळकट तपकिरी डाग शोधा. पाइप वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर तो गेला.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि नव्वदीतल्या मारुती ८०० किंवा झेनचे रबर पाइप त्यासाठी बनवलेले नव्हते, त्यामुळे एक पाइप फुटला तर सगळे बदला. साधा रबर पाइप नको, एसएई जे३० आर९ (पेट्रोलच्या पाइपाचं मानक) असं छापलेला घ्या. इंजेक्शनवाल्या गाडीत लाइनमध्ये प्रेशर असतं, आधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मगच पाइप सोडवा. पण पेट्रोल गळताना दिसतंय तर इंजिन सुरू करू नका, थंड होऊ द्या आणि जोडावर फडकं दाबून सावकाश सोडवा.

एक गोष्ट राहिली, डिपस्टिकचा वास घ्या. लेव्हल आपोआप वाढलीय, ऑइल पातळ झालंय आणि पेट्रोलचा वास मारतंय, तर जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा फाटलाय. तशी गाडी चालवलीत तर बेअरिंगं जातील. पंप बदला, ऑइल आणि फिल्टर लगेच बदला.

आता ऑइल. आधी ते इंजिन ऑइलच आहे ना ते बघा. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. एसीचं पाणी कोरडं होऊन जातं, कूलंट रंगीत असतं आणि गोडसर वास येतो, गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, इंजिन ऑइल काळं.

यापुढचा टप्पा सगळ्यात अवघड, मलाही तो बरेच दिवस जमत नव्हता. थेंब जिथून पडतो तिथे गळती असते असं नाही, बहुतेक वेळा नसतेच. ऑइल वरून निघतं, इंजिनाच्या कडेने खाली येतं, वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या पेटीच्या, सगळ्यात खालच्या बोल्टवरून ठिबकतं. त्यात डिचोली-साखळीकडच्या रस्त्यांची लाल धूळ त्यावर बसते, वर्षभरात अख्ख्या इंजिनावर एकच लालकाळा थर होतो आणि त्यातून कोणालाही काहीही दिसत नाही. अशा इंजिनाकडे बघून कोणी "गिअरबॉक्सकडचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल" म्हणालं तर हात जोडा आणि गाडी घरी आणा. गणेश चवथीच्या आधी गॅरेजात गर्दी असते तेव्हा हे वाक्य फार ऐकू येतं.

मारुती ८०० मध्ये डिस्ट्रिब्युटर (प्लगांना करंट वाटणारा भाग) हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, टोकाला, गिअरबॉक्सच्या बरोबर वर बसतो. त्याची ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, कडक झाली की ऑइल सरळ बेल हाउसिंगवर (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडलेलं तोंड) उतरतं आणि खालून हुबेहूब मागचं सील गळल्यासारखं दिसतं. किरकोळ पैशांची ओ-रिंग, आणि तिच्यापायी लोकांनी गिअरबॉक्स उतरवलेले आहेत, याचा मला खरंच राग येतो.

म्हणून इंजिन धुवा. थंड इंजिन, डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रव) आणि ब्रश, रॉकेल-पेट्रोल अजिबात नाही. डिस्ट्रिब्युटर आणि अल्टरनेटरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा, प्रेशरचं पाणी मारू नका. मग पूर्ण सुकू द्या, पावसाळ्यात एक दिवस जास्त द्या, आणि टॅपेट कव्हरची (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाची) कड, डिस्ट्रिब्युटरचं बूड, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची बैठक, बेल्टच्या बाजूची सीलं, चेंबरची कड या सगळ्यांवर साधी अंगाला लावायची पावडर फुंका. पंधरा-वीस मिनिटं चढाच्या रस्त्यावर चालवून आणा. परत आल्यावर वरून खाली बघत या. पावडरीत सगळ्यात वर जिथे ओली काळी रेघ सुरू होते ती जागा, त्याच्या खालचं सगळं विसरा. काहीच दिसलं नाही तर पुन्हा चालवा, अंदाजाने पार्ट बदलू नका. गाडीखाली शिरायचं असेल तर घोडी (पक्कं लोखंडी स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर नाही.

एकाच वेळी तीन-चार जागी ओलं दिसलं तर सीलं बदलायच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात कोंडलेला वायू बाहेर काढणारा) आणि त्याचा पाइप काढून बघा. तो चोंदला की आतला दाब सीलांतून बाहेर पडायला बघतो, नवी सीलं घातली तरी ती पुन्हा गळणार. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण जपून काढा, थोडी फुसफुस चालते, पण झाकण उडायला लागलं आणि धूर आला तर दुखणं पिस्टनच्या रिंगांचं आहे आणि तो वेगळा खर्च.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलणं सोपं आहे, फक्त गळतंय म्हणून बोल्ट आवळत सुटू नका, पत्रा वाकतो आणि मग नवं पॅकिंगही बसत नाही. सिलिकॉन भरभरून लावणाऱ्यांपासूनही सांभाळा, आत सुटलेला तुकडा ऑइलच्या जाळीत जाऊन अडकतो. गळती थांबवायचं बाटलीतलं औषध मी कोणालाही सुचवत नाही, त्याने ओ-रिंग नवी होत नाही.

काम झाल्यावर पुन्हा पावडर मारा आणि आठवडाभर पुठ्ठा तसाच ठेवा.